पोच

वॉर्ड ऑफिसच्या आवक-जावक खिडकीशी आम्ही पाच जणी उभ्या होतो. आठवी-नववीतल्या चार मुली आणि मी. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि "ठेवून जा, साहेबांना देतो" म्हणत ट्रेमध्ये टाकला. मी तोंड उघडणार तेवढ्यात सगळ्यांत पुढे उभी असलेली मुलगी म्हणाली, "काका, पोच द्या." अर्जाची दुसरी प्रत तिनं आधीच आत सरकवली होती. कारकुनानं तिच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडला. शिक्क्याचं पॅड वाळलेलं होतं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडून त्यानं कसाबसा निळसर शिक्का उठवला, बारनिशीतला क्रमांक घातला, तारीख घातली. तीन मिनिटांचं काम. बाहेर जिन्यात ती प्रत चौघींच्या हातांतून फिरली. एकीनं शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं, तर शाई बोटाला लागली. दुसरी ओरडली, "अगं, पुसशील!"

अर्ज कशाचा होता ते पुढे सांगते. आधी या शब्दाबद्दल. मराठीत पोच म्हणजे कागद मिळाल्याची खूण, आणि पोच म्हणजे समजही, कुठे कसं वागावं याचं भान. वस्तीतल्या मुलांबद्दल आपल्या सोसायट्यांत बोलणं निघालं की दुसरा अर्थ हमखास वापरला जातो. "यांना काही पोचच नाही हो." कुठेही थुंकतात, डीजे लावतात, सिग्नल तोडतात. आणि मग या मुलांना 'चांगले नागरिक' करण्यासाठी काही तरी करावं, असं भल्या माणसांना वाटू लागतं. शाळा सुटल्यावरचे वर्ग निघतात. त्यांत श्लोक, प्रतिज्ञा, वृक्षारोपण, हात कसे धुवावेत याचं प्रात्यक्षिक. गेली बारा वर्षं आठवड्यातून तीन संध्याकाळी अशाच एका वर्गात मी गणित शिकवते, त्यामुळे हे बाहेरून म्हणत नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मीही केल्या आहेत. आता माझं मत असं झालं आहे की त्या शब्दाचा पहिला अर्थ ज्या मुलांच्या हातात कधी पडलेला नाही, त्यांच्याकडून दुसऱ्याची अपेक्षा करणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

स्वच्छता फेरीचंच घ्या. मुलांच्या हातात पुठ्ठ्याचे फलक देऊन, टोप्या घालून, 'कचरा करू नका' असं ओरडत त्यांना त्यांच्याच गल्लीतून फिरवायचं. ज्या गल्लीत कचऱ्याची गाडी वळत नाही, कारण वळायला जागा नाही, आणि ढकलगाडी चार दिवसांनी येते. मुलं ओरडतात, त्यांना मजा येते, बिस्किटाचा पुडा मिळतो. पण मूर्ख नसतात ती. एका फेरीनंतर सातवीतल्या मुलानं मला विचारलं होतं, "ताई, ही फेरी आपण ऑफिससमोर का नाय काढली?" मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. त्याला अजून खरं उत्तर दिलेलं नाही. आता तो टेम्पोवर असतो.

या मुलांना नागरिकपणाची बाराखडीसुद्धा येत नाही, हा समज तर अगदीच चुकीचा आहे. माझ्या स्वतःच्या मुलाला पंचविशीपर्यंत आपलं रेशनकार्ड घरात कुठे ठेवलंय हे ठाऊक नव्हतं. वस्तीतल्या दहा वर्षांच्या मुलीला लाइटबिल, फोटोपास, आईचं आधार, बापाचा जातीचा दाखला, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत फळीवर कोणत्या डब्यामागे आहे हे बरोबर माहीत असतं. घर पाडायला गाडी आली तर भांड्यांच्या आधी ती पिशवी बाहेर काढायची, हेही माहीत असतं. झोपडी कोणत्या तारखेच्या आधीची, यावर पुनर्वसन ठरतं. १ जानेवारी २००० ही तारीख मुंबईतल्या वस्त्यांमध्ये लहान मुलांनाही पाठ असते. राज्यशास्त्राच्या पुस्तकात राज्यसंस्था कशाला म्हणतात ते नंतर येतं. या मुलांची आणि राज्यसंस्थेची ओळख त्याआधीच झालेली असते. ती तिच्या सगळ्यात चिडक्या चेहऱ्याशी झालेली असते, एवढंच.

आणि राजकारणातही ही मुलं आपल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतात. मंडळाची वर्गणी कोण गोळा करतं? दहीहंडीच्या थरांवर कोण चढतं, सभेला गर्दी हवी तर टेम्पो कोणत्या गल्लीत जातो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊंच्या खाली गॉगल लावलेले पंधरा-वीस चेहरे कुणाचे असतात? तेव्हा 'युवकांची उदासीनता' वगैरे शब्द इथे लागू पडत नाहीत. उदासीन असलीच तर सोसायटीतली मुलं आहेत. वस्तीतला पोरगा चौदाव्या वर्षी कुणाच्या तरी मागे उभा राहिलेला असतो. त्याला कुणाच्या मागे न उभं राहता, आपल्या पायांवर, खिडकीसमोर उभं राहता येत नाही. तो अनुभवच त्याच्या वाट्याला आलेला नसतो.

फ्लेक्सवरच्या या भाऊला, म्हणजे वस्तीतल्या दादाला, नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवत नाही. रात्री अडीच वाजता कुणाला ससूनला किंवा केईएमला न्यायचं असलं तर दादाच फोन उचलतो. शाळेत प्रवेश अडला, पोलीस चौकीतून पोराला सोडवायचं आहे, तुंबलेलं गटार काढायचं आहे, दादा येतो. कार्यालय जे देत नाही ते दादा देतो, म्हणून तो आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक पार्थ चॅटर्जी यांनी 'द पॉलिटिक्स ऑफ द गव्हर्न्ड' या २००४ सालच्या पुस्तकात हे नीट मांडलं आहे. हक्काच्या भाषेत बोलणारा, कायद्यातला नागरी समाज एकीकडे, आणि वाटाघाटी करून, मतांच्या जोरावर, मध्यस्थ धरून जगणारा बहुसंख्य समाज दुसरीकडे. या दुसऱ्या समाजाच्या राजकारणाला कमी लेखू नका, असं त्यांचं सांगणं. मला ते पटतं, पण एका मर्यादेपर्यंत. कारण दादाच्या दारात मिळालेल्या गोष्टीची पोच नसते. गटार निघतं ते उपकार म्हणून, आणि उपकार फेडायचा असतो. रॅलीत, बूथवर, कधी दगड हातात घेऊन. खटला मुलावर चालतो, दादावर नाही. पुढे पोलीस पडताळणीत नोकरी जाते ती मुलाची.

आमचा वर्ग भरतो त्या वस्तीत घरोघरी बाबासाहेबांची तसबीर आहे. २० मार्चला महाडला जाणारी एक गाडी दरवर्षी निघते. मुलांना चवदार तळ्याची गोष्ट शौर्याची गोष्ट म्हणून माहीत असते, आणि ती आहेच. पण मी त्यांना तीच गोष्ट कागदांची म्हणूनही सांगते. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये त्याप्रमाणे तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागद होता, शिक्काही होता. तीन वर्षं कुणी तळ्यावर गेलं नाही, कारण जाणाऱ्याचं काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. १९२७ मध्ये हजारो माणसं चालत गेली आणि पाणी प्यायली. त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. दावा दाखल झाला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तो १९३७ मध्ये. दहा वर्षं. ही दहा वर्षं ऐकून वर्गात शांतता पसरते. तळ्याकडे चालत जाण्याचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पाठपुराव्याचं चित्र कुणी काढत नाही.

हे सगळं शाळेत का होऊ नये, असं कुणी विचारेल. सहावी ते आठवी नागरिकशास्त्र आहे, नववी-दहावीला राज्यशास्त्र आहे, पुस्तकं वाईट नाहीत. शाळांमध्ये उद्देशिकेचं वाचन होतं, मतदार साक्षरता मंडळंही आहेत. पण एक साधी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. वस्तीतली बरीच मुलं महापालिकेच्या शाळेत जातात, आणि त्या शाळेतले शिक्षक महापालिकेचेच नोकर असतात. ज्या कार्यालयाला जाब विचारायचा, तिथूनच पगार निघतो. कोणत्या गुरुजींनी आठवीच्या वर्गाला घेऊन जाऊन पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला प्रश्न विचारावेत, अशी अपेक्षा आहे? शिवाय मतदारयाद्या, सर्वेक्षणं, निवडणुकीचं काम यांनी ते आधीच पिचलेले आहेत. शाळा नागरिकशास्त्र शिकवू शकते. करायला लावू शकत नाही, निदान आपल्याच मालकाविरुद्ध तर नाहीच.

म्हणून शाळा सुटल्यानंतरची वेळ. महाराष्ट्रात ज्यांना ज्यांना समाज घडवायचा होता, मग तो कोणत्याही बाजूनं असो, त्या सगळ्यांना या वेळेची किंमत कळली होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कामकरी-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा त्यांचा वेळ मालकाचा होता. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या संघाची शाखा मैदानावरच भरते. राष्ट्र सेवा दल १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली नव्यानं उभं राहिलं, तेही संध्याकाळच्या मैदानावर. खेळ, गाणी, कलापथक, आणि मग गोल बसून चर्चा. माझे वडील त्या शाखेतले. जात न विचारता एका ताटात जेवायला आपण तिथे शिकलो, असं ते सांगत. पण सेवादलाची शाखाही बहुतेक ठिकाणी मध्यमवर्गीय पेठांच्या आसपास टिकली, वस्त्यांपर्यंत तिचा जोर पोचला नाही, ही तक्रारही तेच करत. आज ती संध्याकाळ कुणाची आहे? थोडी क्लासवाल्यांची, बरीचशी मोबाइलची, आणि वस्तीत अर्थातच दादाची.

आता अर्जाकडे येते.

आमच्या वर्गात दर गुरुवारी गणित अर्ध्यावर थांबवून 'वस्तीचा तास' असतो. त्या महिन्यात विषय असा होता की आपल्या भागात एक काम करून घ्यायचं असेल तर कोणतं. मुलांनी एकमुखानं 'ओपन जिम' मागितली. पलीकडच्या प्रभागात झाली होती, लाल-पिवळी. मुली गप्प होत्या. मत घ्यायची वेळ आली आणि मुलं तेरा, मुली आठ. मी मोजायला लागले तशी मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, आधी सांगू का?" आणि तिनं सांगितलं की सार्वजनिक संडासाच्या वळणावरचा खांबावरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे, आणि आठनंतर त्या कुणी तिकडे जात नाहीत. "मग काय करता?" एका मुलानं अगदी भाबडेपणानं विचारलं. "काय करता म्हणजे? नाय जात." आणखी एक मुलगी म्हणाली, "मी चारनंतर पाणीच पीत नाय."

त्यानंतर मत घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही. मी इतकी वर्षं लोकशाहीवर जे वाचलं त्यातलं फार थोडं त्या पाच मिनिटांच्या तोडीचं आहे. एकाच गल्लीत राहणाऱ्या तेरा मुलांना आपल्याच बहिणींबद्दल हे ठाऊक नव्हतं. मोजणीच्या आधी बोलायला जागा लागते. ती जागा घरात नव्हती, शाळेत नव्हती, मंडळात तर नव्हतीच.

मग खरडा. पहिला मजकूर असा होता: 'महोदय, आम्ही गरीब झोपडपट्टीत राहणाऱ्या मुली आहोत. तरी आमच्यावर कृपा करून दिवा लावून द्यावा, आपले उपकार विसरणार नाही.' मी विचारलं, दिव्याचा आणि गरिबीचा संबंध काय? साहेबांच्या घरासमोर दिवा आहे तो ते श्रीमंत आहेत म्हणून आहे का? खूप वाद झाला. एकीचं म्हणणं पडलं की 'गरीब' लिहिलं की साहेब लवकर ऐकतात, तिच्या आईनं असंच दवाखान्यातलं बिल कमी करून घेतलं होतं. तिचं चूक होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. शेवटी गरीब गेलं, उपकार गेले, कृपा गेली. आलं काय? खांबाचा क्रमांक आला. दोन मुलं टॉर्च घेऊन जाऊन खांबावर रंगवलेला क्रमांक उतरवून आली. किती दिवस बंद आहे ते आलं. संडास किती घरं वापरतात ते आलं, घरं मोजून. पाच ओळींचा अर्ज चौथ्या खरड्यात तयार झाला. तो वाचून दाखवणाऱ्या मुलीचा आवाज बदलला होता. 'आम्ही' म्हणताना आधी ती खाली बघत होती, आता बघत नव्हती.

मुंबईत पुकार या संस्थेनं २००५ पासून तरुणांच्या गटांना आपल्याच परिसराचं संशोधन करायला लावलं, त्यामागची कल्पना याच जातीची आहे. संस्थेचे एक संस्थापक, मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई, संशोधन हा हक्क आहे असं म्हणतात. आपल्या जगण्याबद्दलची माहिती पद्धतशीरपणे गोळा करता येणं ही विद्यापीठांची मक्तेदारी नव्हे. खांबाचा क्रमांक उतरवणं हे संशोधनच आहे, लहानसं. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर रत्नाकर मतकरींनी २०१४ च्या सुमारास 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. तिथे वस्त्यांतली मुलं आपल्याच जगण्यावरच्या नाटिका स्वतः बसवून सादर करू लागली. वरवर पाहता त्याचा नागरिकपणाशी काय संबंध? मला तर तो थेट दिसतो. 'मी चारनंतर पाणी पीत नाही' हे वाक्य मुलांसमोर मोठ्यानं उच्चारायला जे लागतं, ते नाटकाच्या तालमीत येतं, अर्जाच्या नमुन्यात येत नाही.

पालकांचा प्रश्न वेगळा असतो. "ताई, त्यानं मार्क वाढतील का?" हा प्रश्न हलका समजणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत आणि त्यांचे वर्ग सहा महिन्यांत ओस पडलेलेही पाहिले आहेत. ज्या बाईनं चार घरची भांडी घासून पोराला संध्याकाळी दोन तास मोकळं ठेवलं, तिला त्या दोन तासांचा हिशेब मागायचा पूर्ण हक्क आहे. आमच्याकडे गणित आणि इंग्रजी आधी, बाकीचं मग. फसवून नाही, सांगून. आणि सात वाजता सुट्टी, कारण साडेसातनंतर मुलींना घरून परवानगी नसते. वेळ आठची ठेवली असती तर आमच्या वर्गातून फक्त मुलगे नागरिक झाले असते. पाण्याची वेळ बदलली तेव्हा आम्हीही वर्गाची वेळ बदलली. असे वर्ग काढणाऱ्यांनी अभ्यासक्रमापेक्षा घड्याळाचा विचार जास्त करावा, असा माझा अनुभवी आणि थोडा कंटाळलेला सल्ला आहे.

एका आक्षेपाला मात्र मी नेहमी थबकते. मोठ्यांच्या लढाया मुलांच्या खांद्यांवरून लढू नका. हा आक्षेप बरोबर आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात वयाची अट नाही, नागरिक असणं पुरे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. मुलांना हे ऐकलं की चेव येतो. कुणाच्या तरी डोक्यात लगेच वस्तीतल्या मोकळ्या जागेचा, चोरीच्या नळजोडांचा, कंत्राटाचा विषय येतो. तिथे मी पाय रोवून नाही म्हणते. तळेगावच्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, ते जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. प्रौढ, जाणते कार्यकर्ते होते ते. चौदा वर्षांच्या पोराच्या नावानं, त्याच गल्लीत राहणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय येईल असा अर्ज जाता कामा नये. ज्यानं कुणाचंच नुकसान होत नाही अशा गोष्टीपासून सुरुवात: दिवा, कचऱ्याची गाडी, शाळेसमोरचा गतिरोधक, मोडलेला संडासाचा दरवाजा. हे भित्रेपण आहे असं एका तरुण सहकाऱ्यानं मला सुनावलं. असेल. पण तो संध्याकाळी वस्तीबाहेर, सहकारनगरला घरी जातो, मुलं तिथेच राहतात.

पैशांबद्दल थोडं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं, आणि वस्त्यांतल्या वर्गांना त्यातून पैसे मिळू लागले. पंखे आले, टॅब आले, चांगलं झालं. सोबत एक तक्ता आला, त्यात रकाना: लाभार्थी संख्या. मुलांना नागरिक करायला निघालेल्या वर्गाच्या अहवालात मुलं लाभार्थी म्हणून मोजली जातात, यातली गंमत कुणाच्या लक्षात येत नाही. कंपनीची माणसं वर्षातून एकदा येऊन मुलांबरोबर भिंत रंगवतात. अर्जाच्या पोचेचा फोटो एका अहवालात जोडला होता तेव्हा नम्रपणे कळवण्यात आलं, की 'असे संवेदनशील विषय' टाळावेत. दिवा! संडासाजवळचा दिवा संवेदनशील विषय.

बरं, मुलांनी सगळं नीट केलं तरी पुढे कुणाकडे जायचं? घटनेत ७४ वी दुरुस्ती झाली, १९९३ मध्ये अमलात आली, तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. त्यांत सामान्य माणसाला बसायची जागा कुठे आहे ते दाखवा. गावातल्या मुलाला निदान १ मे किंवा १५ ऑगस्टला ग्रामसभा दिसते. ती कशी चालते हा वेगळा विषय, पण बाप उठून बोलताना दिसतो. शहरातल्या क्षेत्रसभा कायद्याच्या पुस्तकातच राहिल्या. त्यावर कडी म्हणजे मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. इतर शहरांतही प्रशासकच होते. २०१७ च्या निवडणुकीत सोळा वर्षांची असलेली मुंबईतली मुलगी नगरसेवकासाठी पहिलं मत देईपर्यंत पंचवीस वर्षांची झाली. या काळात तिला राजकारणात रस घ्यायला सांगणारी भाषणं मात्र दर २५ जानेवारीला, मतदार दिनी, न चुकता झाली. त्या चार वर्षांत नगरसेवकाचं पद गेलं तरी दादा गेला नाही. उलट त्याचं दार तेवढं उघडं राहिलं.

पुण्यासारख्या ठिकाणी नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात लहान कामं सुचवता येतात. २००६-०७ पासून ही सोय आहे, एक अर्ज भरायचा असतो. मी ओळखीच्या बऱ्याच सोसायट्यांना तो भरताना पाहिलं आहे, बाक आणि पेव्हर ब्लॉकसाठी. वस्तीतून भरलेला अर्ज मी एकही पाहिलेला नाही. माझ्या पाहण्यात नसेल, पण आमच्या मुलांपैकी कुणी त्याबद्दल ऐकलंही नव्हतं. याच संध्याकाळच्या वर्गांनी हे करायला हवं. पर्यावरणदिनाचं चित्र काढून झालं की दुसऱ्या दिवशी हा अर्ज.

दिव्याचं काय झालं? पहिल्या अर्जाला उत्तर नाही. पंधरा दिवसांनी मुली पोच घेऊन परत गेल्या, कारकुनानं विद्युत विभागाकडे बोट दाखवलं. तिथल्या माणसानं क्रमांक पाहिला आणि म्हणाला, हा खांब आमच्या यादीतच नाही. मग दुसरा अर्ज, त्याला पहिल्याची पोच जोडलेली. बेचाळिसाव्या दिवशी शिडीची गाडी आली. त्याच संध्याकाळी दादांच्या माणसांनी मोबाइलवर फिरवलं, की भाऊंच्या प्रयत्नांतून वस्तीत प्रकाश. मुली चिडल्या. त्यातली एक, तीच शिक्क्यावर बोट फिरवणारी, उठली आणि दोन्ही पोचांच्या झेरॉक्स काढून वर्गाच्या दारावर चिकटवून आली. खाली काही लिहिलं नाही. पावसाळ्यात दिवा पुन्हा गेला. आता तिसरा अर्ज गेला आहे. मला त्यांनी बोलावलं नव्हतं, पोच आणून दाखवली फक्त.

आमचा वर्ग भरतो ते समाजमंदिर लोकांच्या पैशातून बांधलेलं आहे. आठवड्यातले चार दिवस त्याला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे असते हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे, कोणत्या नियमानं असते ते कुणालाच माहीत नाही. आम्हाला ते तीन संध्याकाळी मिळावं म्हणून दोन वर्षं गेली. तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर असं एक समाजमंदिर किंवा सहानंतर रिकामी पडलेली महापालिकेची शाळा नक्की असेल. तिची किल्ली कुणाकडे आहे, आणि संध्याकाळी ती मुलांसाठी का उघडत नाही, हे या महिन्यात एकदा वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा. तोंडी विचारू नका, लेखी विचारा. दोन प्रती न्या.